मोडीत, कपाटात की गालावर?

घरातली तांब्या-पितळेची भांडी कोठे गेली, असा प्रश्न तुमच्या आजीला विचारून पाहा. घंगाळ, कळशी, परात, समई अशी नावे ती भराभर सांगेल आणि शेवटी म्हणेल, "मोडीत दिली." मोडीत देणे म्हणजे वजनावर विकणे. मोड घेणारा दुकानदार वस्तूचे वय पाहत नाही, तिची घडण पाहत नाही. ती तराजूत टाकतो आणि पितळेचा भाव लावतो. पुढे ती भट्टीत जाते व तिचा आकार कायमचा नाहीसा होतो.

या ढिगात कधी कधी एक लहानशी वस्तू असते. वितभरही लांब नाही आणि वजन जेमतेम पन्नास ते ऐंशी ग्रॅम. वर पाठीकडे किंचित बाक असलेली टोपी, तिच्या खाली दातेरी किंवा नागमोडी कडांची पट्टी आणि खाली नक्षीदार, खरबरीत मूठ. मूठ फिरवली की तिन्ही भाग सुटे होतात. हा आजोबांचा किंवा पणजोबांचा दाढीचा सेफ्टी रेझर होय. तराजूचा काटा त्याने फारसा हलत नाही, म्हणून मोडीत त्याचे पैसेही फारसे येत नाहीत.

विद्यार्थिमित्रांनो, असा रेझर सापडला तर त्याचे काय करावे? एक वाट मोडीची. दुसरी वाट कपाटाची, म्हणजे तो जपून ठेवण्याची. तिसरी वाट गालाची, म्हणजे पाते बसवून त्याने रोज दाढी करण्याची. जुने रेझर जमवणारे लोक जगात पुष्कळ आहेत आणि त्यांच्यात हा वाद नेहमी चालतो. एक पक्ष म्हणतो, "वापराल तर झिजवाल." दुसरा म्हणतो, "हत्यार कामासाठी जन्मले. कपाटात ते मुके होते." हा वाद नुसत्या आवडीनिवडीचा आहे असे वाटते खरे, परंतु त्याचे बरेचसे उत्तर पदार्थविज्ञान देऊ शकते. ते कसे, हे या लेखात पाहू.

वस्तऱ्याकडून रेझरकडे

पूर्वी दाढी वस्तऱ्याने होत असे. गावातील नाभिकाच्या धोकटीत वस्तरा, धार लावायचा दगड, चामड्याचा पट्टा, वाटी आणि तुरटीचा खडा असे. वस्तऱ्याच्या पात्याची पाठ जाड असते आणि धारेकडे ते निमुळते होत जाते. जाड पाठीमुळे पाते लवत नाही. मात्र ते गालावर कोणत्या कोनात धरायचे, किती टेकवायचे हे सारे हाताच्या कसबावर अवलंबून असते. कसब नसेल तर रक्त ठरलेले.

म्हणून पात्याला अडसर लावण्याची कल्पना निघाली. फ्रान्समधील झाँ-झाक पेरे या कारागिराने १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर एक पुस्तकच लिहिले आणि अशा अडसराची कल्पना त्याने मांडली होती. १८८० मध्ये अमेरिकेत काम्फे बंधूंनी दातेरी अडसर असलेल्या रेझरचे पेटंट घेतले. तरीही पात्याला वारंवार धार लावण्याची कटकट राहिलीच होती.

ही कटकट किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन विक्रेत्याने दूर केली. बाटल्यांची बुचे बनवणाऱ्या कंपनीत तो काम करीत असे. एकदा वापरून फेकून द्यायची वस्तू गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागते, हे त्याने तेथे पाहिले होते. १८९५ च्या सुमारास त्याला सुचले की पाते इतके पातळ व स्वस्त करावे की धार गेल्यावर ते टाकूनच द्यावे. कागदासारख्या पातळ पोलादाला पाणी देऊन धार आणता येणार नाही, असे जाणकारांनी त्याला सांगितले. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते करून दाखवले. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांचे फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. १९०४ च्या नोव्हेंबरमध्ये जिलेटला पेटंट मिळाले. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर व ३ कोटी २० लाख पाती घेतली आणि ही सवय घरोघर गेली.

आपल्याकडेही पात्यांचे मोठे कारखाने उभे राहिले. सुपरमॅक्स या नावाची पाती ठाण्याच्या कारखान्यात अनेक दशके बनली व देशोदेशी गेली. खेड्यातल्या किराणा दुकानात काडेपेटीशेजारी ब्लेडची पाकिटे असत. दाढीचे काम झाले की तेच ब्लेड पेन्सिलीला टोक काढायला आणि शिवण उसवायला घरभर फिरत असे.

पन्हळी पत्र्याचे रहस्य

जिलेटच्या रेझरमध्ये एक सुंदर युक्ती आहे. ब्लेडची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाएवढी. इतके पातळ पाते गालावर टेकवले तर ते थरथरेल, लवेल आणि कापण्याऐवजी केस ओढील. पदार्थाची लवण्याला विरोध करण्याची शक्ती जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. जाडी निम्मी केली तर ही शक्ती निम्मी होत नाही, एक-अष्टमांश होते. मग एवढे पातळ पाते ताठ कसे राहते?

एक कागदाची पट्टी घ्या. तिचे एक टोक चिमटीत धरा. पट्टी खाली लोंबेल. आता चिमटीतच तिला लांबीच्या दिशेने पन्हळीसारखा किंचित बाक द्या. पट्टी एकदम ताठ उभी राहील! कागद तोच, जाडी तीच, फक्त आकार बदलला. बाक दिल्यामुळे कागदाचा काही भाग मधल्या पातळीपासून वर आणि काही खाली गेला. आता पट्टी लवायची तर वरच्या भागाला ताणावे लागेल व खालच्या भागाला दाबावे लागेल. ते कागदाला सहजासहजी मान्य नसते. आपल्या गोठ्यावरचा पन्हळी पत्रा याच कारणाने माणसाचे वजन पेलतो. प्रथम वर्षाच्या वर्गात मी हेच उदाहरण देतो.

रेझरच्या टोपीला जो बाक असतो तो शोभेसाठी नव्हे. मूठ पिळली की टोपी आणि पट्टी यांच्यामध्ये ब्लेड दाबले जाते, त्याला बाक येतो आणि कागदासारखे पाते ताठ होते. शिवाय पात्याची धार पट्टीच्या कडेपलीकडे मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकीच बाहेर राहते. पट्टी कातडी सपाट धरते आणि धारेला खोल जाऊ देत नाही. कसब कारागिराच्या हातात होते, ते आता धातूच्या आकारात आले.

यातून एक मोठी गोष्ट घडली. हत्याराचे दोन तुकडे झाले: एक टिकणारा आणि एक नाशवंत. झीज सारी ब्लेडच्या वाट्याला आली. रेझर मात्र पिढ्यानपिढ्या राहू शकतो. आणि नवल असे की शंभर वर्षांपूर्वीच्या जिलेट पद्धतीच्या रेझरमध्ये आज दुकानात मिळणारे दुधारी ब्लेड बसते. मधल्या काळात पात्याच्या भोकांचा आकार बदलला, पण तो जुन्या खुंट्यांनाही जुळेल असाच राहिला. जुन्या कंदिलाची काच, जुन्या रेडिओचा दिवा आज शोधावा लागतो. या रेझरचे तसे नाही.

मऊ केस, कठीण पोलाद

ब्लेडच्या धारेची रुंदी साधारण ०.१ मायक्रॉन धरा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दाढीचा केस सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे धार केसाच्या हजारपट बारीक. समजा, एका केसावर पात्याने फक्त एक ग्रॅम वजनाइतके बल लावले. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. हिशेब करा: बल ०.०१ न्यूटन, स्पर्शाचे क्षेत्रफळ १०० मायक्रॉन गुणिले ०.१ मायक्रॉन. दाब येतो सुमारे दहा हजार वातावरणांइतका! केस साधारण दोन हजार वातावरणांच्या ताणात तुटतो. तेव्हा तो इतका दाब येण्याची वाटच पाहत नाही, आधीच कापला जातो. रेझर गालावर दाबायचा नसतो, त्याचे वजनच पुरते, असे जुनी माणसे सांगतात त्याचे कारण हेच.

मग धार जाते का? पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असते. लोण्याने सुरी बोथट व्हावी तसलाच हा प्रकार. याचे उत्तर अगदी अलीकडे मिळाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील जानलुका रोशोली, केम तासान व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली ब्लेडची धार आणि केस यांची गाठ पडताना पाहिली. त्यांचा निबंध २०२० च्या ऑगस्टमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. धार घासून गुळगुळीत होते ही समजूत अपुरी ठरली. पोलादाच्या अंतर्गत रचनेत सर्वत्र सारखेपणा नसतो. केस तिरपा येऊन लवला आणि त्याची कड नेमकी अशा विषम जागी भिडली, तर बळ एका बिंदूत एकवटते आणि धारेचा बारीक टवका उडतो. असे टवके साठत जातात आणि ब्लेड निकामी होते.

केस आधी भिजवण्याचे कारणही यातच आहे. भिजलेला केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषून घेतो व मऊ होतो. मग तो कमी बळाने कापला जातो. दोन-तीन मिनिटे ब्रशने फेस घोळवण्यात आजोबा वेळ दवडत नव्हते.

जमवणाऱ्याची बाजू

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, वाद्ये अशा हजारो वस्तू जमवल्या. त्यांत अंग घासायच्या वज्रीदेखील आहेत. ज्यांच्या घरी या वस्तू होत्या त्यांना त्या जुनाट वाटत होत्या. आज त्यांवरून आपल्याला कळते की साध्या माणसाचा दिवस कसा जात होता. जमवणारा नसता तर यातील कित्येक वस्तू मोडीतच गेल्या असत्या.

रेझर जमवणाऱ्यालाही तसेच बरेच काही वाचता येते. उदाहरणार्थ, अमेरिकन बनावटीच्या जिलेट रेझरवर १९५० नंतरच्या काळात एक अक्षर व एक आकडा कोरलेला असे. अक्षर वर्षाचे, आकडा तिमाहीचा. ए हे अक्षर १९५५ सालाचे, बी १९५६ चे. तेव्हा 'ए २' म्हणजे १९५५ मधील दुसरी तिमाही. दुसऱ्या महायुद्धात काडतुसांसाठी पितळ लागू लागले, तेव्हा रेझरच्या मुठी बेकेलाइटच्या होऊ लागल्या. म्हणजे दाढीच्या पेटीतही युद्धाची खूण उमटली. वापरून ही अक्षरे झिजली, मुलामा गेला, तर हा पुरावा पुसला जातो. जमवणाऱ्याचे म्हणणे खोटे नाही.

मात्र कपाट म्हणजे अभय नव्हे. चामड्याची किंवा मखमलीची जुनी पेटी ओल धरते आणि आतील पितळेवर हिरवा कळंक चढतो. रबरी पट्टीतील गंधकामुळे चांदीचा मुलामा व पितळ काळे पडते. काही जातींच्या प्लॅस्टिक पिशव्यांतून कालांतराने आम्लवायू निघतो.

पितळेची आणखी एक गोष्ट ऐका, ती आपल्याच देशातली आहे. इंग्रजी अमलात फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांतून ठेवीत. पावसाळा संपेतो त्यांतील काहींना आपोआप भेगा पडलेल्या असत. याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. घोड्यांच्या मुताचा अमोनिया हवेत मिसळे. काडतूस घडवताना पितळेत ताण राहून गेलेला असे. ताण आणि अमोनिया एकत्र आले की पितळ भेगाळते. रेझरची नळीसारखी मूठही पत्रा ताणूनच बनवलेली असते. तेव्हा गोठ्याला लागून असलेल्या खोलीत जुने पितळ ठेवू नये आणि अमोनियायुक्त द्रवाने ते पुसू नये.

वापरणाऱ्याची बाजू

वापरणारा म्हणतो की हत्यार हातात धरल्याशिवाय कळत नाही. टोपीचा बाक, मुठीचे वजन, गालाशी होणारा सुमारे तीस अंशांचा कोन हे सारे काचेआड दिसत नाही. माझ्या वडिलांचा पितळी रेझर माझ्या रोजच्या वापरात आहे. मुठीवर अंगठा टेकतो तेथला निकेलचा मुलामा झिजून पिवळे पितळ दिसू लागले आहे. त्यातली बरीचशी झीज वडिलांच्या अंगठ्याची आहे. ते रेझर मुठीच्या अगदी टोकाशी धरीत, हे त्या पिवळ्या ठिपक्यावरून आजही सांगता येते. म्हणजे झीज हाही एक लेखच आहे, फक्त तो कारखान्याचा नसून माणसाचा आहे.

वापरणाऱ्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. १९७१ मध्ये जोडपात्यांची डोकी आली आणि १९७५ मध्ये सबंध फेकून द्यायचा प्लॅस्टिकचा रेझर आला. त्यात पोलाद आणि प्लॅस्टिक एकमेकांत अडकलेले असतात. ते वेगळे करून पुन्हा वितळवणे कठीण जाते. जुन्या रेझरमध्ये टाकायचे असते ते केवळ ग्रॅमभराहून कमी वजनाचे पोलाद. जोडपात्यांच्या फटींत अडकलेले केस काढायला नळाची धार सोडावी लागते. जुना रेझर पेलाभर पाण्यात बुचकळला की धुतला जातो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना पेलाभर पाण्याचे मोल सांगायला नको.

पण वापराचीही शिस्त असते. ओला रेझर ब्लेडसकट ठेवला तर दोन निराळे धातू आणि त्यांच्यामध्ये साबणाचे पाणी अशी स्थिती होते. ही विद्युत्-घटाचीच रचना आहे. पितळ आणि पोलाद असेल तर पोलाद आधी खराब होते. जस्ताचे संमिश्र आणि पोलाद असेल तर जस्त आधी जाते. म्हणून दाढीनंतर भाग सुटे करून कोरडे करणे, एवढ्याने रेझरचे आयुष्य कितीतरी वाढते.

आपल्याकडे पाण्याचाही प्रश्न आहे. निलंगा तालुक्याची जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची. बोअरच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो, पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हटले आहे. त्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरा चिकट साका होतो. तोच साका रेझरच्या दातांत व फटींत बसतो. पाणी उकळून गार केले की त्यातला काही क्षार तळाशी बसतो आणि फेस सुधारतो. पावसाच्या पाण्यात तर थोड्या साबणाचा भरपूर फेस होतो. साका काढायला राख व चिंच घेऊ नका. राखेने बारीक ओरखडे पडतात, निकेलचा मुलामा तर काही मायक्रॉनच जाड असतो. चिंचेतील आम्ल जस्ताला खाते. कोमट पाणी, थोडा साबण आणि जुना मऊ दातांचा ब्रश पुरे.

धातूलाच विचारा

आता वादाचा निवाडा. सगळे रेझर एका धातूचे नसतात, म्हणून सगळ्यांना एक नियम लावता येत नाही.

पितळी रेझर दणकट असतो. मुलामा गेला तरी आतले पितळ टिकते. असा रेझर रोज वापरला तरी हरकत नाही. जस्ताच्या संमिश्राचा ओतीव रेझर दिसायला तसाच चकचकीत असतो, पण मुलाम्याला भेग पडली की आतले जस्त पाण्यात खाल्ले जाते, खळगे पडतात आणि टोपीचा आटेदार खुंट पिळताना तुटतो. बेकेलाइट पडले की फुटते. हे दोन्ही कपाटात बरे. पण पितळ कोणते व जस्त कोणते, हे ओळखायचे कसे? चुंबकाचा उपयोग नाही, कारण पितळही त्याला दाद देत नाही आणि जस्तही देत नाही. खरवडून पाहणे तर वाईटच. अशा वेळी आर्किमिडीज मदतीला येतो.

करून पाहा: प्रथम घरातील मोठ्या माणसाकडून ब्लेड काढून घ्या. रेझरचे भाग सुटे करा. मूठ पोकळ असेल तर टोपीवर प्रयोग करणे चांगले, कारण पोकळीत अडकलेली हवा फसवते. शाळेच्या प्रयोगशाळेतील किंवा सराफाकडील बारीक मापाचा इलेक्ट्रॉनिक काटा लागेल. आधी टोपीचे वजन करा. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. टोपी दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला व काठाला टेकणार नाही, अशी लोंबती धरा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर तिचे आकारमान. वजनाला या आकड्याने भागा. ही झाली घनता.

समजा, तुमच्याकडे भरीव मुठीचा रेझर असून त्याचे एकूण वजन ६२ ग्रॅम आले आणि पाण्यातला आकडा ७.४ आला. भागाकार सुमारे ८.४, म्हणजे पितळ. तोच आकडा ९.३ आला असता तर भागाकार सुमारे ६.७ झाला असता, म्हणजे जस्ताचे संमिश्र. ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि बेकेलाइटची १.३ ते १.४ च्या आसपास असते. ओरखडाही न पाडता रेझरने आपली जात सांगितली! प्रयोगानंतर भाग कोरडे करायला विसरू नका.

धातू कळला की आणखी दोन प्रश्न विचारा. एक, असे रेझर आणखी किती आहेत? लाखोंनी बनलेल्यांपैकी असेल तर वापरल्याने जगाचे नुकसान होणार नाही. मुलामा अगदी कोरा असेल, खुणा स्पष्ट असतील, मूळ पेटी व कागद सोबत असतील, तर तो जपावा, कारण तसा पुन्हा मिळणे अवघड. दुसरा प्रश्न, तो कोणाचा होता? या प्रश्नाचे उत्तर ना कपाट सांभाळते, ना गाल. ते फक्त माणसाला ठाऊक असते.

आमच्या भागाला याची जाणीव अधिक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या भागांतील दगडमातीची घरे कोसळली, हजारो माणसे गेली. माणसे गेली त्यापुढे वस्तूंचे दुःख काय सांगावे? परंतु पुढे ढिगाऱ्यातून जे थोडे निघाले त्याला कितीतरी घरांत जिवापाड जपले आहे. एखादा तांब्या, एखादा पितळी डबा. हा कोणाचा, हे सांगणारे माणूस जवळ असेल तरच त्या वस्तूला अर्थ असतो.

म्हणून मोडीची वाट पूर्ण बंद करा आणि इतर दोन्ही वाटांवर एक चिठ्ठी सोबत द्या. चिठ्ठीवर एवढे लिहा: रेझर कोणाचा, ते काय काम करीत, तो कोठे व अंदाजे केव्हा घेतला, कोणती पाती वापरीत, कोणत्या खुणा कोरल्या आहेत, वजन किती, घनता किती आणि ही माहिती कोणी सांगितली. खाली तारीख घाला. वापरातला रेझर असला तरी ही चिठ्ठी हवीच.

मुलामुलींनो, एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा. ब्लेडला तुम्ही हात लावायचा नाही. पेटीत जुने ब्लेड असेल तर ते मोठ्यांना काढू द्या. एकाचे ब्लेड दुसऱ्याने वापरू नये, कारण रक्ताच्या सूक्ष्म अंशातूनही कावीळ 'ब' व 'क' आणि एचआयव्ही यांचे विषाणू जाऊ शकतात. केशकर्तनालयात दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड घेतात ते याचसाठी. गंजलेले ब्लेड लागले तर धनुर्वात होतो असे म्हणतात. वास्तविक गंज हे त्याचे कारण नव्हे. धनुर्वाताचे जंतू मातीत व धुळीत असतात आणि ते जखमेतून शिरतात. जखम झालीच तर ती स्वच्छ धुवा आणि डॉक्टरांकडे जा. वापरलेली ब्लेडे कचऱ्यात सुटी टाकू नका. कचरा वेचणाऱ्या बाईंचे हात त्यात जातात. पावडरच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला बारीक फट पाडून घ्या, त्यात वर्षानुवर्षांची ब्लेडे मावतील.

येत्या सुट्टीत घरातली जुनी पेटी, माळा, देवळीचा कोपरा धुंडाळा. रेझर नाही मिळाला तर अडकित्ता मिळेल, वज्री मिळेल, जुनी दौत मिळेल. प्रत्येकीची घनता काढा व चिठ्ठी लिहा. पण चिठ्ठीची सुरुवात आजोबांपासून करा. घनता पुढच्या वर्षीही काढता येईल. आजोबांना विचारायचे ते मात्र आजच संध्याकाळी विचारून घ्या.